केबलवाल्याने लावून दिलेला राउटर बदलायचा का?

प्रश्न: आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी आणि मिस्टर, दोघंही निवृत्त. मुलगा-सून पुण्याला, सून इकडे आली की तिला आमच्याकडूनच ऑफिसचं काम करावं लागतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे एकाच केबलवाल्याचं इंटरनेट आहे. सहा वर्षांपूर्वी त्याच्या पोराने राउटर लावून दिला आणि पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर टाकला. म्हणाला, ‘काकू, विसरायला नको.’ हल्ली संध्याकाळी नेट रखडतं. गेल्या महिन्यात दाराशी कॅमेरा बसवला, तोही याच वाय-फायवर. मिस्टर बँकेचं सगळं फोनवरून करतात. मुलगा म्हणतो हा राउटर धोक्याचा आहे, आठ अँटेनांचा बारा हजारांचा घे. भाचा म्हणतो पासवर्ड बदल, पुरे. केबलवाला म्हणतो काही होत नाही. कुणाचं ऐकू? हॅक होणार नाही असा एखादा राउटर सांगा. आणि शेजारच्या वहिनी पासवर्ड मागतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: ताई, आधी उठा आणि तो राउटर उलटा करा. शोकेसवर असेल तर सोबत फडकंही न्या. त्याच्या पोटाला एक पांढरं स्टिकर असेल. अक्षरं मुंगीएवढी असतात, तेव्हा मोबाइलने फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा. मॉडेलचा नंबर, त्याला लागून व्ही २ किंवा व्ही ३ असं काहीतरी, मग १९२.१६८ने सुरू होणारा एक पत्ता, आणि त्याखाली बहुधा हे: यूजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन.

तुमच्या पत्रात एकाच पासवर्डचा उल्लेख आहे, राउटरला मात्र दोन असतात. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे सोसायटीचं गेट. हा स्टिकरवरचा म्हणजे मीटर रूमची किल्ली. गेटमधून आत आलेला माणूस फार तर जिन्यात बसेल. मीटर रूमची किल्ली ज्याच्या हातात, तो तुमच्या घरातली सगळी वायरिंग फिरवू शकतो आणि तुम्हाला कळणारही नाही. भाचा गेटचं कुलूप बदलायला सांगतोय. बरोबर सांगतोय, पण मीटर रूम उघडीच राहतेय.

गिरगावात माझी मावशी राहते. मागच्या गणपतीत तिच्याकडे गेलो होतो. तिचीही तक्रार तीच, संध्याकाळी नेट चालत नाही. फोनवर तो स्टिकरवरचा पत्ता टाकला, ॲडमिन-ॲडमिन लिहिलं आणि पहिल्या फटक्यात आत गेलो. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर चौदा नावं. मावशीच्या घरात उपकरणं पाच, त्यात एक टीव्ही. उरलेल्या नऊपैकी तीन फोन खालच्या दुकानातल्या पोरांचे निघाले, एक प्रिंटर कुणाचा ते आजवर कळलेलं नाही. मावशीने मात्र कपाळाला हात न लावता विचारलं, ‘म्हणजे त्यांच्या बिलाचे पैसे मी भरत होते?’ तिचा पासवर्डही मोबाइल नंबरच होता. मुंबईत केबलवाल्यांच्या पोरांनी ही रीतच पाडली आहे.

मोबाइल नंबर किती कच्चा, त्याचा हिशेब करू. आपल्याकडचे नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा ऐकून धीर येतो, पण तुमच्यासारख्या जुन्या राउटरच्या पद्धतीत, तिला डब्ल्यूपीए२ म्हणतात, तुमचा फोन वाय-फायला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण कुणीही हवेतून पकडू शकतो. मग घरी जाऊन, तुमच्या राउटरला हातही न लावता, संगणकावर एकेक नंबर लावून बघतो. गेम खेळणारी पोरं घेतात त्यातलं भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस लाखांवर पासवर्ड तपासतं. सगळे ४०० कोटी संपायला अर्धा-पाऊण तास. आणि खरं सांगू, तेवढीही तसदी कुणाला घ्यावी लागणार नाही. तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहे, वॉचमनच्या वहीत आहे, कुरियरच्या प्रत्येक खोक्यावर आहे.

‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या केबलवाल्याला एक जुनी गोष्ट सांगा. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना जो ईमेल गेला, त्याचा माग निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवर. ईमेल त्यांनी पाठवला नव्हता; त्यांचं कनेक्शन दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पण पोलीस आधी पोचले ते त्यांच्याच दारात. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघड्या वाय-फायची शोधमोहीम जाहीर केली ती या अनुभवानंतर. बाहेरच्या जगाला तुमच्या घरातली माणसं वेगवेगळी दिसत नाहीत, एकच पत्ता दिसतो, आणि तो कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचा.

आता मीटर रूम. राउटरच्या आत शिरलेला माणूस काय करतो? बहुधा एकच छोटी सेटिंग बदलतो, तिला डीएनएस म्हणतात. तुम्ही बँकेचं नाव टाकता तेव्हा ते नाव कुठल्या यंत्राकडे न्यायचं हे डीएनएस सांगतं. ते बदललं की नाव बँकेचं आणि दुकान चोराचं. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमाराला तब्बल ४५ लाख मोडेममध्ये हाच उद्योग झाला. मिस्टर बँकेचं ॲप वापरत असतील तर बरंच संरक्षण असतं, कारण ॲप समोरच्या यंत्राची ओळख तपासतं. ब्राउझरमध्ये मात्र ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी सूचना आली की तिथेच थांबायचं. ‘तरीही पुढे जा’ हे बटण आपल्यासाठी नाही.

ॲडमिन-ॲडमिन हा प्रकार जगभर किती आहे, ते २०१६मध्ये दिसलं. मिराई नावाच्या व्हायरसकडे फक्त साठेक तयार यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. जुलै २०१७मध्ये आपल्याकडे बीएसएनएललाही ग्राहकांना जाहीर सांगावं लागलं की मोडेमचा मूळ पासवर्ड बदला.

म्हणजे पासवर्ड दोन्ही आजच बदला. नवा राउटर घ्यायचा असो वा नसो. वाय-फायसाठी चार-पाच असंबद्ध शब्द जोडा, इंग्रजी अक्षरांत. आमच्या घरी एक भाजी, एक स्टेशन, एक नातं आणि एक आकडा असं सूत्र आहे. तुम्ही तुमचं काढा, माझं नको. ६३ अक्षरांपर्यंत चालतं, वीस झाली तरी झकास. लिहून ठेवायचा असेल तर खुशाल डायरीत लिहा. चोर स्वयंपाकघरातली डायरी वाचायला येत नाही, आणि आलाच तर वाय-फाय ही तुमची शेवटची काळजी असेल.

आता नवा घ्यायचा का? सहा वर्षांचा केबलवाल्याचा राउटर आहे, तर माझं उत्तर हो. पण मुलाच्या कारणासाठी नाही.

अँटेनांचा सुरक्षिततेशी काहीही संबंध नाही. आठ अँटेनांचा राउटर उलट्या झुरळासारखा दिसतो आणि दोन बेडरूमच्या घरात त्याची गरजही नसते. किमतीचाही फार संबंध नाही. कंपनीच्या नावाचा? थोडाफार. मे २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीला आला, ५४ देशांत किमान पाच लाख राउटर त्याने पोखरले होते. यादीत लिंक्सिस होतं, नेटगिअर होतं, टीपी-लिंक, मायक्रोटिक होतं. नंतर असूस आणि डी-लिंकही आले. त्यामुळे ‘हॅक होणार नाही असा राउटर’ मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही.

राउटर हा एक छोटा संगणक आहे, आणि त्यात दर काही महिन्यांनी कुणाला तरी नवं भोक सापडतं. कंपनी ते बुजवते, त्याला अपडेट म्हणायचं. ज्या दिवशी कंपनी अपडेट देणं थांबवते त्या दिवशी राउटर खराब होत नाही, नेट तसंच चालतं, दिवे तसेच लुकलुकतात. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, दुधाच्या पिशवीवर असते, यावर नसते. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नावानिशी इशारा दिला तो अशाच, अपडेट थांबलेल्या जुन्या लिंक्सिस राउटरबद्दल. चोरांनी ते ताब्यात घेऊन त्यांचे पत्ते भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. घरमालकाला पत्ता नाही आणि घर पोटभाड्याने!

लोकांना हे सांगत फिरणाऱ्या माझ्याच घरी अपडेट संपलेला राउटर तीन वर्षं चालू होता. ‘चालतंय ना’ हे वाक्य मीही म्हटलं आहे.

तेव्हा खरेदीला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा: या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार? दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही. पण ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून कायदा आहे की अशा वस्तूंना सरसकट एकच मूळ पासवर्ड ठेवता येणार नाही आणि अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते कंपनीने जाहीर करायचं. बऱ्याच कंपन्या तेच मॉडेल तिकडेही विकतात. भाच्याला सांगा, कंपनीच्या ब्रिटनच्या साइटवर ते मॉडेल शोध आणि तारीख बघ. त्याला अर्धा तास काम मिळेल आणि तुम्हाला खरं उत्तर. तारीख सापडलीच नाही, तर ते मॉडेल सोडून द्यायचं.

दुसरं, अपडेट आपोआप व्हायला हवं. दर महिन्याला १९२.१६८ उघडून बसणारी माणसं मी आयुष्यात चारच पाहिली आहेत, आणि चौघंही अविवाहित. तिसरं, खोक्यावर डब्ल्यूपीए३ लिहिलेलं हवं, म्हणजे वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत. मघाशी सांगितली ती हवेतून पकडून घरी नेऊन नंबर लावण्याची युक्ती डब्ल्यूपीए३ने बंद होते. प्रत्येक अंदाज तुमच्या राउटरला विचारूनच करावा लागतो. जुलै २०२०पासून वाय-फायच्या प्रमाणपत्रासाठी ते सक्तीचंच आहे, त्यामुळे नव्या मालात सहसा मिळतं. घरात जुना फोन किंवा टीव्ही असेल आणि तो जोडलाच जात नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवा. एवढं सगळं तीन ते पाच हजारांच्या साध्या वाय-फाय ६ राउटरमध्ये बसतं. वरचे सात हजार मुलाला परत करा, किंवा करू नका.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर एक सांभाळा. तिथे भाव चांगला मिळतो, पण जुना पडून राहिलेला मालही निघतो. मघाच्या स्टिकरवरचं ते व्ही २, व्ही ३ आठवतंय? एकाच नावाच्या राउटरचे आतले भाग दरवेळी बदलतात आणि अपडेटही प्रत्येक आवृत्तीचं वेगळं असतं. व्ही ५ला अपडेट चालू आणि व्ही १चं कधीच बंद, असं होतं. खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवर आवृत्ती बघा, मगच पैसे द्या, आणि पक्कं बिल घ्या. ‘बिल हवं असेल तर जीएसटी पडेल’ म्हणाला तर पडू द्या. वापरलेला राउटर स्वस्तात मिळतो म्हणून मात्र घेऊ नका. तो आधी कुणाकडे होता आणि आत काय घालून ठेवलं आहे, ते बाहेरून दिसत नाही.

आता केबलवाला. तो कुरकुरेल, पण त्याची भाषा आपल्याला आली की कुरकुर कमी होते. तुमच्याकडे गच्चीवरून खिडकीतून खाली सोडलेली जाडसर वायर येत असेल आणि टोकाला टेलिफोनच्या पिनेसारखी पण रुंद पिन असेल, तर ती लॅनची वायर. ती काढून थेट नव्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या भोकात घालायची. केबलवाल्याकडून कनेक्शनचा आयडी आणि पासवर्ड मागून घ्यायचा. नेट सुरू झालं नाही तर फोन करून म्हणायचं, ‘मॅक क्लिअर करून दे.’ बरेच केबलवाले कनेक्शन जुन्या राउटरच्या नंबराशी बांधून ठेवतात. हे चार शब्द ऐकले की समोरचा ओळखतो की काकूंना माहीत आहे. वायर बारीक असून टोकाला हिरवं प्लास्टिक असेल तर फायबर. मग त्याचा डबा हलवता येत नाही, तो तिथेच राहणार. त्याला म्हणा, ‘ब्रिज मोडला टाक,’ म्हणजे तो डबा फक्त लाइन पुढे देतो, आणि आपला राउटर त्याच्या मागे लावा. ब्रिजला नाही म्हणाला तरी अडत नाही: त्याच्या डब्याचं वाय-फाय बंद करून घ्या आणि घरात फक्त आपलं चालू ठेवा.

नवा राउटर लागला की सेटिंगमध्ये थोडी साफसफाई करा. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायची सोय असते, ती बंद करा. तिचा आठ आकडी पिन ऐकायला १० कोटी शक्यतांचा वाटतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरतो, म्हणून प्रत्यक्षात ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ सालीच उघड झालं आहे, तरी सोय अजून येतेच. रिमोट मॅनेजमेंट बंद करा. नोव्हेंबर २०१६मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख घरांचं नेट कोलमडलं ते दुरून कारभार करायच्या अशाच एका दारामुळे. यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना न विचारता राउटरचं दार उघडू देणारी सोय, दिसली तर तीही बंद. वाय-फायचं नाव लपवायच्या भानगडीत पडू नका, त्याने चोराला काही फरक पडत नाही आणि पाहुण्यांना पडतो. नावात फ्लॅट नंबर मात्र टाकू नका.

दाराशी बसवलेल्या कॅमेऱ्याची मला राउटरइतकीच काळजी वाटते. स्वस्त कॅमेऱ्यांचे अपडेट राउटरच्याही आधी बंद पडतात. नव्या राउटरला गेस्ट नेटवर्क असतं, म्हणजे त्याच राउटरमधून निघालेलं दुसरं वाय-फाय. त्यावरच्या उपकरणांना इंटरनेट मिळतं, पण घरातले बाकीचे फोन-लॅपटॉप दिसत नाहीत. कॅमेरा आणि टीव्ही तिकडे टाका. मिस्टरांचा फोन आणि सुनेचा लॅपटॉप मुख्य वाय-फायवर. कॅमेऱ्याचाही स्वतःचा पासवर्ड असतो, तोही बदला.

संध्याकाळचं रखडणं यातून पूर्ण जाईल असं वचन देत नाही. त्यात केबलवाल्याची लाइन संध्याकाळी भरलेली असणं आलं, आणि तुमच्या मजल्यावरचे दहा राउटर एकाच पट्ट्यात ओरडत असणंही आलं. फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या, मोकळ्या पट्ट्यावर जोडले तर दुसरा त्रास कमी होतो. पहिल्यासाठी केबलवाल्याशीच भांडा.

नवा राउटर येईपर्यंत दोन पासवर्ड बदलून जुन्यावर काम भागवा. आणि जुना टाकून देताना मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे तुमची माहिती पुसली जाईल. भंगारवाल्याला तसाच देऊ नका.

राहिल्या शेजारच्या वहिनी. नाही म्हणायची गरजच नाही. काही राउटरांत एकाहून जास्त गेस्ट नेटवर्क काढता येतात. एक कॅमेऱ्यासाठी, दुसरं पाहुण्यांसाठी, आणि वहिनींवर विश्वास असेल तर पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड त्यांना आनंदाने द्या; बाहेरून पत्ता मात्र तुमचाच दिसतो. एकच गेस्ट मिळत असेल तर कॅमेरा तिथेच राहू द्या आणि वहिनींना खरं कारण सांगा: कनेक्शन मिस्टरांच्या नावावर आहे, उद्या काही झालं तर पोलीस आमच्याकडे येतील. तरीही वहिनींचा फोन तुमच्या वाय-फायवर घ्यावाच लागला, आणि कॅमेरा त्याच गेस्टवर नसेल, तर बऱ्याच राउटरांत पाहुण्यांच्या वाय-फायला वेळ लावता येते. सकाळी सातला चालू, रात्री अकराला बंद. ‘आमचंही अकराला जातं हो,’ एवढं म्हणा.